सुमित्रा निवासाचा तळमजला

गावाचं नाव सांगत बसत नाही. बोनकोड्यापासून नावड्यापर्यंत कुठलंही जुनं गाव धरा, फारसं चुकणार नाही. भोवती नव्या शहराचे नोड, म्हणजे आखीव वसाहती, उभ्या राहिल्या, रुंद रस्ते आले, मॉल आले, आणि मधोमध गाव तसंच राहिलं, फक्त उंच झालं. कौलं गेली, स्लॅब आले, एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. गल्ली मात्र बैलगाडीच्या मापाचीच राहिली. त्यामुळे इथे दोन बिल्डिंगींच्या खिडक्या इतक्या समोरासमोर आहेत की एकीकडे फोडणी दिली की दुसरीकडे शिंक येते.

अशाच एका गल्लीत गोटीराम मढवींची ‘सुमित्रा निवास’ आहे. नाव बायकोचं. भातशेती सरकारनं घेतली तेव्हा गोटीराम मिसरूड फुटलेले पोरगे होते. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ते लागले, आणि तिथे जन्म काढता काढता वडिलांच्या घराच्या जागी त्यांनी मजल्यावर मजला चढवला. खाली स्कूटर आणि कोंबड्यांचा गाळा, पहिल्या मजल्यावर स्वतः आणि सुमित्राबाई, दुसऱ्यावर भाडेकरू, तिसऱ्यावर मुलगा मितेश आणि सून जागृती. परवानगी नव्हती. गावात कुणाकडेच नव्हती. दर निवडणुकीला कुणीतरी येऊन गावठाणातली घरं कायम करू म्हणून सांगून जाई आणि लोक टाळ्या वाजवून पुढचा स्लॅब टाकत.

माणूस भिडस्त. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, आणि नानांकडे काही मागितलं तर मिळतं हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. नाही म्हणायला त्यांची जीभच वळत नसे. फार झालं तर ‘बगतो’ म्हणत, आणि त्या ‘बगतो’चा अर्थ नाही असा आहे हे फक्त सुमित्राबाईंना समजे.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या नोडमध्ये एका मिरवणुकीवर दगड आले. आधी कुणी मारला यावर अजून दोन मतं आहेत आणि पुढेही राहतील. रात्रीतून काही दुकानं जळली. मग मोबाइलवर व्हिडिओ यायला लागले. त्यातले काही इथले होते, बरेचसे कुठल्या मुलखातले होते देवच जाणे, पण भीती सगळ्यांना सारखीच वाटली. त्या आठवड्यात गावाच्या कमानीखाली नंदकुमार पोरं घेऊन पहाऱ्याला उभा राहिला.

नंदकुमार म्हणजे गावच्या गोविंदा पथकाचा कोच. दहीहंडीला तोंडात शिट्टी धरून तो थर लावायचा. एक शिट्टी, खालचे खांदे लावणार. दुसरी, वरचे चढणार. पोरं त्याच्या शिट्टीवर श्वाससुद्धा रोखायची. तीच पोरं, तीच शिट्टी, अंगावर करडे शर्ट आले, आणि गोविंदा पथकाचं ‘खाडीकाठ रक्षक दल’ झालं. गोटीरामांना तेव्हा त्यात काहीही वावगं वाटलं नाही. उलट आपल्या घरचा चहा ते स्वतः किटलीत घालून कमानीपाशी नेत. पोरं जागतात म्हणून आपण झोपतो, असं सुमित्राबाईंना म्हणत. खरंही होतं ते, तेव्हा.

शांतता झाली तरी दल राहिलं. पहाटे मैदानावर कवायत सुरू झाली. आठवड्यातून एकदा बाहेरून कुणी प्रशिक्षक येऊ लागले, त्यांना सगळे ‘गुरुजी’ म्हणत. काठ्या आल्या, वॉकीटॉकी आले, पथकप्रमुख आणि उपपथकप्रमुख आले. पण या सगळ्यानं दल मोठं झालं असतं असं नाही. काठीनं माणूस घाबरतो, कायमचा बांधला जात नाही. गाव बांधलं गेलं ते वेगळ्याच गोष्टीनं, आणि तिची सुरुवात बिचाऱ्या गोटीरामांपासून झाली.

झालं असं, की गावातल्या काही बिल्डिंगींना पाडकामाच्या नोटिसा आल्या. त्यात सुमित्रा निवासही होती. गोटीरामांचं अन्न तुटलं. तेव्हा नंदकुमार घरी आला, मोरीत पाय धुऊन बसला आणि म्हणाला, “नाना, टेन्शन नाय घ्यायचा. तलमजल्यावर एकवीरा आय बसवा. मंग कोन तोडतंय ते मी बगतो.”

“आरं पन बिल्डिंग वाचवायला देवी बसवायची?”

“देवीच वाचवते ना नाना? मंग तिला आपल्या घरात जागा नको?”

कोंबड्या विकल्या, स्कूटर बाहेर काढली, गाळ्याला टाइल्स बसल्या. एकवीरेची तसबीर गोटीरामांनी स्वतःच्या डोक्यावरून आणली. पाडकामाचं पथक पोकलेन घेऊन आलं त्या सकाळी गाळ्यात आरती चालली होती, दारात करड्या शर्टांच्या रांगा मांडी घालून बसल्या होत्या आणि सगळ्यांत पुढे गोटीराम जमिनीवर आडवे पडले होते. साहेबांनी बूट काढले, देवीला हात जोडले, तीर्थ घेतलं आणि गेले. चार घरं सोडून पुढची एक बिल्डिंग होती, तिच्यात देव नव्हता. तिच्या स्लॅबला दुपारपर्यंत भोकं पडली.

ते पाहून गाव जे समजायचं ते समजलं. पुढच्या सहा महिन्यांत एकामागून एक तळमजल्यावर देव बसले. देव म्हटला की त्याची राखण आली, आणि राखणीला प्रत्येक ठिकाणी चार करडे शर्ट. गावची भांडणं पूर्वी मारुतीच्या पारावर नाहीतर चौकीत मिटत, ती आता सुमित्रा निवासाच्या गाळ्यात मिटू लागली. चौकीतले साहेबही मंगळवारी प्रसादाला येत. कमानीवर मोठा बॅनर लागला, त्यावर गोटीरामांचा हात जोडलेला फोटो, खाली ‘संस्थापक’. आपण काय स्थापन केलं हे गोटीरामांना नीटसं ठाऊक नव्हतं, पण फोटो बरा आला होता. खोटं कशाला बोला, त्यांना आनंद झाला होता.

मग गाळ्याला चॅनेल गेट बसलं. जिन्याचं तोंड गाळ्यातूनच, त्यामुळे गेट सगळ्या बिल्डिंगीलाच बसलं. किल्ली दलाकडे, दलातर्फे मितेशकडे. मितेश बेलापूरला एका वकिलाच्या ऑफिसात कामाला होता. तिथे त्याला कुणी विचारत नसे, इथे तो उपपथकप्रमुख झाला आणि पोरं त्याला बघून ताठ उभी राहू लागली. बापानं कधी दिली नव्हती अशी किंमत त्याला नंदकुमारनं दिली होती, आणि ती तो सोडणार नव्हता.

सुमित्राबाईंना पहिला फटका बसला तो सुकटीवरून. गुरुजींना वास चालत नसे. देवीच्या डोक्यावर मासळी भाजायची नाही, असा निरोप आला. सुमित्राबाई जिन्यात येऊन कडाडल्या, “आमचे देवीला कोंबरा लागतो, बकरा लागतो! तिला सुकटीचा वास कवापासून लागाया लागला?” खालून फक्त शिट्टी वाजली. त्यानंतर स्वयंपाकघरातून तसा वास सुटला की शिट्टी वाजे, आणि वाजायची थांबत नसे. शेवटी तव्यावर झाकण पडे. आगऱ्याच्या घरात सुकट भाजायची चोरी झाली, आणि तीही स्वतःच बसवलेल्या देवीच्या नावानं. गोटीराम नुसते पाण्याचा पेला हातात धरून बसत.

दुसऱ्या मजल्यावर यासीन राहायचा. एसी दुरुस्त करणारा, मूळ म्हसळ्याचा. लग्न झाल्या झाल्या बायकोला घेऊन इथे आला तो इथलाच झाला. त्याची मुलगी तरन्नुम याच बिल्डिंगीत जन्मली. तिला पहिलं न्हाऊमाखू सुमित्राबाईंनी घातलं होतं. मितेशला आगरी बोलायची लाज वाटायची, आणि ही पोर मात्र हाय-नाय करत सगळ्या गल्लीशी भांडून यायची. आता ती दहावीला होती. परीक्षा ऐन तोंडावर आलेली, रोजे लागायचे होते, आणि शेवटचा भूगोलाचा पेपर होळी झाल्यावर होता.

आणि एका सकाळी नंदकुमार पुन्हा पाय धुऊन गोटीरामांसमोर बसला.

“नाना, दुसऱ्या मजल्याचा होलीच्या आदी बगाया लागेल.”

“बगायचा म्हंजे?”

“तुमाला समजतंय. आपन कुनाला हात लावत नाय, दलाचा नियम हाय. घरमालकानी आपल्या तोंडानी सांगायचा. तुमी सांगितला का बाकीचे पन सांगतात. सगले तुमच्या तोंडाकडं बगतात, नाना.”

हे खरं होतं. गावात असे भाडेकरू बऱ्याच घरांत होते, आणि घरमालक नुसते चुळबुळत होते. वर्षानुवर्षं जिन्यात भेटलेल्या माणसाला जा म्हणायला तोंड लागतं. ते तोंड दलाला संस्थापकाचं हवं होतं.

“बगतो,” गोटीराम म्हणाले.

नंदकुमार गेल्यावर ते वर गेले. यासीनला काही सांगावं लागलं नाही. गाळ्यातला आवाज जिन्यानं वर येतोच. तो दारातच म्हणाला, “नाना, तिची परीक्षा होऊ दे. सेंटर इथून चालत जायच्या अंतरावर आहे. मधेच कुठे नेऊ तिला? पेपर होऊ देत, मग काय ते बघू.”

आत तरन्नुम पाठ करत होती, कानांत कापसाचे बोळे घालून. खाली आरतीचा भोंगा होता ना. जन्मभर ‘बगतो’ म्हणणारा माणूस एकदम बोलून गेला, “तिचा शेवटचा पेपर होवपर्यंत तुमाना कोन हलवनार नाय. माजा शब्द हाय.”

खाली येऊन सुमित्राबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे नवा माणूस बघावा तसं बघितलं. “दिलास ना शब्द? आता पाल तो,” एवढंच म्हणाल्या. गोटीरामांचा हिशेब साधा होता. पेपर संपतील, सुट्टी लागेल, लोक गावी जातील, डोकी थंड होतील. फक्त तेवढा महिना निभावून न्यायचा.

पण तो महिना काही केल्या सरेना. दुसऱ्या मजल्याचं पाणी अधूनमधून आपोआप बंद व्हायचं. संध्याकाळची आरती लांबत गेली. ती चालू असेपर्यंत जिन्यातून जायचं-यायचं नाही, त्यामुळे यासीन काम आटपून आला तरी रोजा सोडायच्या वेळी खालीच ताटकळत उभा राही. शिवी कुणी देत नसे, हात कुणी लावत नसे. नियम म्हणजे नियम.

गणिताच्या पेपरच्या सकाळी चॅनेल गेटला कुलूप होतं. तरन्नुम आतून गज धरून उभी, गळ्यात पाण्याची बाटली, हातात कंपासपेटी. पहाऱ्यावरचा पोरगा म्हणाला, “किल्ली मितेशदादाकडं हाय. दादा मैदानावर हाय.” गोटीराम स्वतःच्या घराच्या गेटामागे उभे राहून मितेशला फोन लावत राहिले. तो उचलेना. त्यांनी गेट हलवलं, ओरडले, शेवटी त्या पहाऱ्यावरच्या पोरासमोर हात जोडले. हे सगळं पोर बघत होती. मितेश आला तो रमत गमत. कुलूप काढत म्हणाला, “बाबा, एवढं काय? विसरलो. आणि तुम्हाला ठरवायचंय काय ते लवकर ठरवा ना, म्हणजे सगळ्यांचंच टेन्शन जाईल.” तरन्नुम धावत सुटली. ती वेळेत पोचली, पण गोटीराम मात्र त्या गेटापाशीच राहिले. आपल्या घराची किल्ली आपल्याकडे नाही, हे त्यांना महिने झाले ठाऊक होतं. कळलं ते त्या सकाळी.

त्या दिवशी ते एकटेच बेलापूरला गेले. पाडकामाला आलेल्या साहेबांना त्यांनी हुडकून काढलं. हुडकून काढायला फार वेळ लागला नाही, साहेब पालिकेच्या कॅन्टीनमध्येच होते.

“साहेब, माझा तळमजला बेकायदा आहे. तोडा.”

साहेबांनी बशी खाली ठेवली. “काका, तुम्हीच ना ते? पोकलेनसमोर आडवे पडला होतात!”

“चूक झाली माझी.”

“आता तिथे देवी आहे, काका. तिला हात लावायचा म्हणजे गाव पेटेल. माझी बदली होईल ती वेगळीच.” मग जरा मवाळ होऊन ते म्हणाले, “तुम्ही घरी जा. असं कुणाला बोलूही नका.”

गोटीराम घरी पोचले तेव्हा नंदकुमार गेटापाशी उभा होता. तो रागावला नाही. खाली वाकून त्यानं त्यांच्या पायांना हात लावला. “नाना, तुमाला काय तरास जाला तर आमाला सांगायचा. ऊन-तानाचा बेलापूरला कशाला जायाचा?” कुणी कळवलं हे गोटीरामांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते दूध आणायला निघाले तरी एक करडा शर्ट मागे चालू लागला. नानांच्या सुरक्षेसाठी, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. सगळ्यांना ते पटलंही.

राहिली होळी. दलानं सांगितलेली मुदत होळीच्या आतली, आणि भूगोल होळीनंतर. मधे फक्त थोडे दिवस लोंबकळत होते, त्या थोड्या दिवसांवर गोटीरामांचा शब्द टांगला होता. त्यांना झोप लागेना. आणि मग त्यांना आठवलं की या गावात एक गोष्ट अशी आहे जी नंदकुमारला करता येत नाही, गुरुजींना करता येत नाही, कुणालाच येत नाही. गावच्या होळीचा मान मढव्यांचा. पहिली पेटती चूड मढव्यांच्या वडीलधाऱ्यानं लावायची, मग गावानं. गोटीरामांच्या आज्याला ताप होता तेव्हा त्याला खाटेवर घालून आणलं होतं, पण चूड त्याच्याच हातात दिली होती. मढव्यांचा हात लागल्याशिवाय होळी पेटली, असं साल कुणाच्या आठवणीत नव्हतं.

“पोरीचे पेपरपर्यंत हात लावनार नाय असा नंदूकडना सगल्या गावासमोर वदवून घेतो. नायतर होली पेटवतच नाय,” ते सुमित्राबाईंना म्हणाले.

सुमित्राबाई पुरण वाटत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांना भीती वाटली, आणि अभिमानही वाटला. त्यांनी नवऱ्यासाठी कपाटातलं नवं धोतर काढलं.

चंद्र वर आला तेव्हा मैदान भरलं होतं. मधोमध सावरीचं झाड उभं केलेलं, त्याला हार, तोरणं, बत्ताशांच्या माळा. बायका नटूनथटून फेर धरायला उभ्या, बेंजो तयार, आणि भोवती करड्या शर्टांचं कडं. गोटीरामांनी नारळ फोडला. सुक्या गवताची चूड पेटवून त्यांच्या हाती दिली. त्यांनी होळीला फेरी घातली, थांबले, आणि तोंड गावाकडे वळवलं. कुणीतरी त्यांच्यासमोर माइक धरला. शेकडो मोबाइल वर झाले.

“मी होली पेटवतो,” गोटीराम म्हणाले. आवाज कापत होता, पण निघाला. “पन आदी मना एक सांगायचा हाय. माज्या दुसऱ्या मजल्यावर यासीन हाय. त्याचे पोरीचा शेवटचा पेपर होवपर्यंत त्याना राहू द्यायचा. तवर त्या घराला कोनी काय करायचा नाय. हे नंदूनी आता, होलीसमोर सांगावा.”

सुमित्राबाईंनी पदर तोंडावर धरला. गोटीरामांना वाटलं, जिंकलो. साठी उलटल्यावर पहिल्यांदाच आपण कुणाला तरी अडवलं, असं त्यांना वाटलं, आणि छाती भरून आली.

नंदकुमार पुढे आला. हसत होता. त्यानं माइक घेतला आणि भाषणाच्या मराठीत बोलू लागला. “गावकरी मंडळी, नानांनी आज होळीसमोर शब्द दिलाय! पोरीचा शेवटचा पेपर होईपर्यंत थांबायचं, आणि पेपर झाला की घर खाली! आपलं दल माणुसकी सोडत नाही. नानांनी सांगितली ती मुदत आपल्याला मान्य आहे. आणि नानांची मुदत तीच सगळ्या गावाची मुदत! बोला, एकवीरा आईचा...”

“उदो!” मैदान गरजलं.

“मी असा नाय बोल्लो,” गोटीराम म्हणाले. “खाली करायचा असा नाय बोल्लो मी. नंदू, आरं...”

माइक त्यांच्यासमोर नव्हता. शिट्टी वाजली, आणि शिट्टीवर बेंजो सुरू झाला. ते शेजारच्या माणसाला सांगू लागले, त्याच्या पलीकडच्याला सांगू लागले. माणसं मान डोलवत होती, त्यांच्या पाठीवर थाप मारत होती. “लई मोठा मन हाय तुमचा, नाना.” चूड जळत जळत मुठीपर्यंत आली. हाताला चटका बसायला लागला, आणि त्यांनी ती होळीत टाकली. होळी धडधडून पेटली. बायकांनी फेर धरला.

सकाळपर्यंत व्हिडिओ घराघरांत पोचला. त्यात गोटीराम होते, त्यांचा कापरा आवाज होता, ‘शेवटचा पेपर होवपर्यंत त्याना राहू द्यायचा’ हे शब्द होते, आणि मग उदो होता. दुपारच्या आत बाकीच्या घरमालकांना तोंड फुटलं. कुणालाही वाईट बोलावं लागलं नाही. नानांनी मुदत दिलीय, तीच तुमाला पन, एवढंच सांगायचं होतं. भूगोलाच्या पेपरचा दिवस गावातल्या कितीतरी घरांचा दिवस ठरला. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी दहावीला कुणी नव्हतंही.

गोटीराम वर गेले. यासीनच्या हातात फोन होता.

“मी तसा नाय बोल्लो, यासीन.”

“माहीत आहे, नाना.” यासीननं फोन बंद करून खिशात ठेवला. “पण यात जे आहे ते तुम्हीच बोललेलं आहे. दुसऱ्या कुणाचा आवाज असता तर मी पोलिसांत तरी गेलो असतो. आता काय सांगू? घरमालकानं मुदत दिली म्हणून?”

गोटीरामांनी त्याच्या दाराची चौकट धरली. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते आवरलं नाही. यासीननं त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. स्वतःचा रोजा होता, तरी दिलं.

दलानं शब्द अक्षरशः पाळला. त्या मधल्या दिवसांत दुसऱ्या मजल्याला पाणी दिवसभर येत होतं. भोंगा बंद होता. गेट सताड उघडं असायचं. पेपरच्या सकाळी नंदकुमारनं तरन्नुमला नवं पेन दिलं, वर ‘ऑल द बेस्ट’ म्हणाला. पोरीनं पेन घेतलं. काय करणार होती?

दुपारी ती परत आली तेव्हा कमानीपासून टेम्पोंची रांग लागली होती. करडे शर्ट सामान उतरवत होते, फ्रिज खांद्यावर घेऊन जिन्याच्या वळणावर एकमेकांना जपून, जपून म्हणत होते. काहीही फुटलं नाही. मितेशनं स्वतः शिवणयंत्र उचललं. यासीनची बायको सुमित्राबाईंच्या गळ्यात पडून रडली. यासीननं वरच्या खोलीची किल्ली गोटीरामांच्या हातावर ठेवली, दोन्ही हातांनी त्यांची मूठ मिटली आणि तो टेम्पोत जाऊन बसला.

तरन्नुम मागे राहिली होती. ती गोटीरामांसमोर आली. खांद्यावर दप्तर तसंच होतं.

“नाना, पेपर चांगला गेला माजा,” ती म्हणाली. “तुमी थांबवला त्याना म्हनून जाला.”

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं असतं तर गोटीरामांना सोसलं असतं. ती मनापासून म्हणाली. वाकून त्यांच्या पाया पडली, जशी दर होळीला पडायची, आणि धावत टेम्पोकडे गेली.

संध्याकाळी नंदकुमार आला. पाय धुतले नाहीत, आता तो घरचाच झाला होता. दुसऱ्या मजल्यावर दलाचा प्रशिक्षण वर्ग सुरू करायचा म्हणाला, गुरुजींच्या राहण्याचीही सोय होईल. किल्ली गोटीरामांच्या मुठीतच होती. त्यांनी ती दिली. त्यांनी ‘बगतो’ म्हटलं नाही हे सुमित्राबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं.

त्यांनी डबा काढला, तवा ठेवला आणि सुकट भाजायला घेतली. झाकण बाजूला ठेवलं, खिडकीची दोन्ही दारं ढकलून उघडली. वास गल्लीत गेला, समोरच्या घरात गेला, जिन्यानं खाली गेला. खालून शिट्टी वाजली. सुमित्राबाई परतत राहिल्या. पुन्हा शिट्टी वाजली, मग वरूनही, रिकाम्या झालेल्या दुसऱ्या मजल्यावरून वाजली. सुमित्राबाईंनी मान वर केली नाही. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि उलथनं चालूच होतं.

गोटीराम खुर्चीवरून उठले. त्या वेळी बाई मनात म्हणत होत्या, आतातरी हा गॅलरीत जाऊन खाली ओरडेल, आतातरी शिवी देईल. ते स्वयंपाकघरात आले, बायकोच्या मागे क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी हात लांब केला, खिडकीची दोन्ही दारं ओढून घेतली आणि आतून कडी लावली.